थंडीच्या लाटेचा तयार किट: नागपूरच्या घरात त्यातलं किती कामाचं?

‘विंटर इमर्जन्सी किट’ या नावाने ऑनलाइन विकली जाणारी लाल पिशवी उघडली की आतून साधारण हेच निघतं: दोन चंदेरी ब्लँकेट, हात शेकायच्या चार-सहा पुड्या, हँडल फिरवून चालणारी टॉर्च, शिट्टी, होकायंत्र, चमकत्या कांड्या, पातळ रेनकोट, नायलॉनची दोरी, प्रथमोपचाराचा डबा आणि बिस्किटासारखे खाद्यबार. किंमत साधारण दीड हजारापासून चार हजारांपर्यंत. नाव वेगवेगळ्या कंपन्यांचं असलं तरी आतला माल जवळजवळ एकच.

हा संच बर्फात गाडी अडकलेल्या माणसासाठी जुळवलेला आहे. नागपुरात बर्फ पडत नाही. पण २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि तो अनुभव घरात बसूनच घ्यावा लागला. आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. उंच छत, छताजवळचे झरोके, पायाखाली फरशी, आणि खिडकीत कूलर. मे महिन्यात हे सगळं वरदान, आणि डिसेंबरअखेर याच वाटांनी गारठा आत शिरतो. म्हणून या किटची पारख ‘बर्फात किती टिकतो’ अशी न करता ‘मानेवाड्याच्या किंवा जरीपटक्याच्या दोन खोल्यांत, वीज गेलेल्या रात्री किती उपयोगी’ अशी केली.

एकूण गुण पाचपैकी दीड. तो दीड कशाचा, आणि उरलेले साडेतीन बाजारातून कसे भरून काढायचे, ते पुढे.

आधी थंडीच्या लाटेचा हिशेब. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून जास्त घसरलं की थंडीची लाट. घसरण ६.४ अंशांच्या पुढे गेली की तीव्र लाट. पारा थेट ४ अंशांवर आला तर सरासरी न बघताही लाटच, आणि २ वर आला तर तीव्र. नागपूरची डिसेंबरअखेरची सरासरी १२ अंशांच्या आसपास असते, म्हणजे आकडा साडेसातच्या खाली गेला की स्वतः जुळवलेली थंडीची पेटी माळ्यावर नव्हे, हाताशी असली पाहिजे. (माळ्यावर ती का ठेवू नये, ते शेवटी येतंच.)

दुसरी गोष्ट क्रमाची. उत्तरेकडे पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून सरकत येणारी पावसाळी हवेची प्रणाली) आला आणि त्याला बंगालच्या उपसागराकडून येणारा ओलावा भेटला की विदर्भात ढग, पाऊस, कधी गारपीट. ढग असेपर्यंत रात्रीचा पारा उलट चढलेला असतो. ढग हटले, आकाश मोकळं झालं, उत्तरेचा वारा सुटला की खरी हुडहुडी भरते. त्यामुळे आधी पाणी आणि वीज, मग गारठा, असा हा प्रसंग दोन टप्प्यांत येतो. पहिल्या टप्प्यात अंथरूण-पांघरूण भिजलं तर दुसऱ्या टप्प्यात जगातला कुठलाही किट कामाचा नाही. तयार पिशवीत ताडपत्री नाही, ही तिची पहिली मोठी चूक.

पिशवीतल्या वस्तू

चंदेरी ब्लँकेट म्हणजे अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेली प्लास्टिकची फिल्म. जाडी साधारण १२ मायक्रॉन, वजन पन्नास-साठ ग्रॅम. अंगातून किरणांच्या रूपाने बाहेर पडणारी उष्णता ते परत फिरवतं, हे खरं. पण स्पर्शाने जाणारी उष्णता ते अडवत नाही. ते फरशीवर अंथरून झोपलं तर फरशी अंगातली ऊब तशीच शोषून घेते. शिवाय त्यातून घामाची वाफ बाहेर जात नाही, तासाभरात आतून ओल धरते. योग्य वापर एकच: रजईच्या वर टाकायचं, आणि पायाकडचं टोक मोकळं सोडायचं. हीटरजवळ नेऊ नये, फिल्म आकसून वितळते. सॉकेटजवळही नको, मुलामा धातूचा आहे. आणि एकदा चीर गेली की ती टोकापर्यंत धावते. या ब्लँकेटला अर्धा गुण.

हात शेकायच्या पुड्यांना एक गुण. आत लोखंडाची भुकटी, मीठ आणि कोळशाची पूड असते. पाकीट फाडलं की हवा लागून लोखंड गंजू लागतं आणि त्या गंजण्याचीच ऊब मिळते. सहा-आठ तास बरी चालते. अर्धी वापरून हवाबंद पिशवीत घट्ट बंद केली तर प्रक्रिया थांबते, उरलेली ऊब उद्याला राहते. पण या पुड्या खिशासाठी आहेत. रजईत घेऊन झोपू नये. एकाच जागी तासन्‌तास टेकून राहिली की मंद आचेवरही कातडी भाजते आणि झोपेत कळत नाही. खरं तर घरातल्यांपेक्षा सोसायटीच्या चौकीदाराला आणि पहाटेच्या दूधवाल्याला या जास्त उपयोगी.

हँडलची टॉर्च दिसायला छान. आतला सेल इतका लहान की मिनिटभर हात फिरवून काही मिनिटांचा मिणमिणता उजेड. तिला यूएसबी खाच असते, पण तिच्यावर मोबाइल चार्ज करायचा तर मनगट आधी थकेल. शिट्टी गारपिटीत छत पडलं तर कामाची, ठेवा. होकायंत्र, चमकत्या कांड्या, दोरी यांवर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. खाद्यबार गोड, महाग, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या दातांना न झेपणारे.

कूलरची खिडकी

नागपूरच्या पेटीतली पहिली वस्तू कुठल्याही किटमध्ये मिळत नाही: कूलरच्या जागेचं झाकण. कूलर उतरवला तर दोन-अडीच फुटांचं भोक, आणि न उतरवला तर वाळ्याच्या सुकलेल्या ताट्यांतून थेट वारा. बरेच जण कूलरवर बाहेरून प्लास्टिक गुंडाळतात. ते रात्रभर फडफडतं आणि जानेवारीच्या उन्हात कडक होऊन फाटतं.

टिकणारा उपाय असा. खिडकीच्या चौकटीचं आतलं माप घ्यायचं, उभं-आडवं दोन्ही, आणि प्रत्येकी तीन जागी, कारण जुन्या लाकडी चौकटी क्वचितच काटकोनात असतात. सगळ्यांत लहान मापापेक्षा अर्धा सेंटिमीटर कमी धरून २५ मिलिमीटर जाडीचा थर्माकोल कापायचा. धारदार कटर, एका दमात. करवतीने कापला तर दाणे सुटतात. दोन्ही बाजूंनी जाड प्लास्टिक चढवून कडा पॅकिंग टेपने बंद करायच्या, नाहीतर उंदीर थर्माकोल कुरतडतात. चारही कडांना दरवाजाला लावतात ती फोमची चिकटपट्टी लावायची. तुकडा दाबून बसला की खिळा, स्क्रू काही लागत नाही. मधोमध नाडी ओवून ठेवली की ओढून काढता येतो. कूलर जागेवरच असेल तर तुकडा खोलीच्या बाजूने, पंख्याच्या जाळीवर बसवायचा, आणि कूलरचा प्लग काढून ठेवायचा. एखाद्या उत्साही पाहुण्याने बटण दाबलं तर तुकडा उडून येईल.

दाराखालच्या फटीला जुन्या साडीची गुंडाळी पुरते. मात्र छताजवळचा एक झरोका उघडाच राहू द्या. का, ते लगेच.

सिगडी, गॅस गीझर आणि अलार्म

थंडीच्या रात्री सगळ्यांत घातक गोष्ट थंडी नसते. बंद खोलीतली सिगडी असते. कोळसा लाल होऊन धूर थांबला की ‘आता आत न्यायला हरकत नाही’ असा समज आहे, आणि तो उलटा आहे. धूर गेला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येतच राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट जास्त ओढीने चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणूस समजतो की थंडीने जड झालंय. सिगडी अंगणात, गच्चीत, ओसरीत. खोलीत नाही, दार किलकिलं ठेवूनही नाही.

गॅस गीझरचं तेच. न्हाणीघरात बसवलेला, झरोका थंडीमुळे पुठ्ठ्याने बंद केलेला, आणि आत एकामागून एक चौघांची आंघोळ. गीझर बाहेरच्या भिंतीवर हवा. सध्या आतच असेल तर बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, मग दार लावून आंघोळ. झरोका बंद करणं हा थंडीवरचा उपाय नव्हे.

म्हणून पेटीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, साधारण दीड ते तीन हजारांत. इथे दुकानात हमखास घोटाळा होतो. ‘गॅस डिटेक्टर’ मागितला की एलपीजीचा देतात. तो सिलिंडरची गळती ओळखतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. खोक्यावर ‘कार्बन मोनॉक्साइड’ असं स्पष्ट लिहिलेलं, ‘इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर’ आणि ‘ईएन ५०२९१’ किंवा ‘यूएल २०३४’ हे मानक, एवढं बघून घ्यायचं. ईएन मानकाचा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू) तास-दीड तासात, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत वाजतो. आकडा दाखवणारी पडद्याची आवृत्ती घ्यावी. नुसत्या दिव्याच्या स्वस्त तबकडीवर ५० आहे की ३०० हे कळत नाही.

बसवायची जागा: झोपायच्या खोलीत, पलंगावर झोपलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीच्या आसपास. हा वायू हवेच्या जवळपास वजनाचा, त्यामुळे तो छतालाही जाऊन बसत नाही आणि जमिनीलाही नाही. (एलपीजी जड, म्हणून त्याचा डिटेक्टर फरशीपासून फूटभरावर. दोन्ही एकाच जागी लावणारे कारागीर भेटतात, त्यांना थांबवा.) न्हाणीघरात लावू नये, वाफेने सेन्सर खराब होतो. ‘टेस्ट’चं बटण फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सर नाही. सेन्सरचं आयुष्य पाच ते दहा वर्षं. मागे छापलेली तारीख उलटली की बटण कितीही वाजलं तरी वस्तू फेकायची. अलार्म वाजला तर कारण शोधत बसू नये: दारं-खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर, मग १०८.

पांघरूण: काट्यावर टाका

रजईच्या बाबतीत विदर्भासारखी सोय कुठे नाही, कापूस आपल्याच मातीतला. तरी फसवणूक होते ती भरावात. बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरची फुगीर, हलकी रजई बहुतेक फायबरची असते. वाईट नाही, ओली झाली तरी लवकर वाळते, धुता येते. पण दोन हंगामांत भराव एका कोपऱ्यात गोळा होतो, आणि जिथे भराव नाही तिथून थंडी आत. खरेदी करताना रजई उजेडासमोर धरून बघायची. टाके हाताच्या वीतभर अंतरावर असले तर ठीक, दीड-दोन वितींवर असले तर गोळा होणारच.

कापसाची रजई भरून घ्यायची असेल तर पिंजाऱ्याकडे रुई डोळ्यांदेखत पिंजून घ्यायची. एकेरी रजईला दीड ते दोन किलो, दुहेरीला तीन किलो. त्याहून जास्त भरली तर ऊब फारशी वाढत नाही, वजन वाढतं आणि म्हाताऱ्या माणसाला कूस बदलता येत नाही. ऊब कापसाची नसते, कापसात अडकलेल्या हवेची असते. म्हणूनच दबून पापड झालेली जुनी रजई नव्या कापसाशिवाय, नुसती पिंजून परत भरली तरी पुन्हा गरम होते. चिंध्या पिंजून केलेला मळकट कापूस मिसळतात. मुठीत दाबून सोडला तर चांगली रुई उसळून वर येते, चिंधीचा कापूस तसाच दबून राहतो.

करड्या रंगाच्या दान-वाटपाच्या कांबळ्या बहुतेक पानिपतच्या, जुन्या लोकरी कपड्यांचे धागे काढून विणलेल्या. स्वस्त आहेत आणि रजईच्या खाली आतला थर म्हणून उत्तम. एकट्या वापरल्या तर वारा आरपार जातो. स्वेटर-मफलरसाठी हिवाळ्यात लागणारी तिबेटी दुकानं बघावीत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे आणि हा व्यवसाय त्यांच्या जुन्या ओळखीचा आहे.

वर दोन पांघरुणं घेऊनही पाठ गार पडते, त्याचं कारण खाली आहे. फरशीवर झोपणाऱ्यांनी आधी चटई, मग वर्तमानपत्रांचे आठ-दहा थर, मग सतरंजी, मग गादी, असा क्रम लावावा. वर्तमानपत्र ओलसर झालं की बदलायचं. फुकटात मिळणारी एवढी चांगली वस्तू पेटीत दुसरी नाही.

हीटर की गरम चादर

दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो. रात्री पाच तास म्हणजे दहा युनिट. तो खेचतो जवळपास ९ अँपिअर. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर, त्यातही मोठ्या पिनचा लहान करणारा कन्व्हर्टर लावून तो चालवला की आधी प्लग गरम होतो, मग तपकिरी पडतो, मग वास येतो. घरात आग लागायची ही नेहमीची वाट आहे. १६ अँपिअरचा सॉकेट, त्याला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि हीटरवर आयएसआय शिक्का, यात तडजोड नको. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच.

प्रकारांपैकी हॅलोजन किंवा रॉडचा हीटर समोर बसलेल्या माणसाला लगेच शेकतो पण खोली तापवत नाही. ब्लोअर लहान बंद खोलीसाठी ठीक, आवाज करतो. तेलाचा रेडिएटर तापायला अर्धा तास घेतो, पण उघडा रॉड नाही, म्हणून लहान मुलांच्या घरात तोच. मात्र तिघांतला एकही वीज गेल्यावर कामाचा नाही. घरच्या ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर दोन हजार वॅटचा हीटर लावला तर इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो.

इथे गरम चादर बाजी मारते. एकेरी विजेची चादर साठ-सत्तर वॅट घेते. १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास, प्रत्यक्षात हाती येतात हजार-अकराशे. म्हणजे दोन चादरी सात तास, तेवढ्यावर दिवे वेगळे. खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवणं कितीतरी स्वस्त. अट एवढीच की इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा, आणि चादर घडी घालून किंवा मुडपून चालवू नये. आतली तार जिथे मुडपते तिथेच जळते. झोपायच्या आधी अर्धा तास चालवून बंद केली तरी रजईखाली ऊब टिकते. तान्ह्या बाळासाठी, अंथरुणात लघवी होणाऱ्या किंवा स्वतः बटण बंद करू न शकणाऱ्या माणसासाठी ही वापरू नये.

रबरी पिशवीला विजेची गरजच नाही. दोन लिटरची घ्यावी. पाणी उकळून दहा मिनिटं ठेवायचं किंवा दोन भाग उकळत्यात एक भाग नळाचं मिसळायचं. पिशवी दोन-तृतीयांश भरायची, मग टेबलावर आडवी करून हळूच दाबत पाणी तोंडाशी येईपर्यंत हवा काढायची, तेव्हाच बूच फिरवायचं. हवा राहिली तर पिशवी फुगते आणि तोंडाशी ताण येतो. बेसिनवर उलटी धरून दाबून बघायची: थेंब दिसला तर बुचाची चकती कडक झालीय, ती नवी मिळते. जाड टॉवेलात गुंडाळून झोपायच्या वीस मिनिटं आधी पायथ्याशी ठेवायची. मधुमेहामुळे पाय बधिर असलेल्यांनी अंथरूण गरम झालं की ती काढून घ्यावी, भाजलेलं त्यांना सकाळी दिसतं. विजेवर तापणारी जेलची पिशवीही बाजारात आहे. ती प्लगला लावलेली असताना अंगाशी धरू नये, आणि फुगलेली दिसली तर पुन्हा चार्ज करू नये.

ताडपत्री आणि बाकीचं सामान

ताडपत्रीचे दुकानदार ‘दोनशे जीएसएम’ (चौरस मीटरला दोनशे ग्रॅम) म्हणून काहीही देतात. परीक्षा सोपी आहे. बारा बाय अठरा फूट म्हणजे २१६ चौरस फूट, म्हणजे २० चौरस मीटर. दोनशे जीएसएम असेल तर वजन चार किलो भरलंच पाहिजे. “भाऊ, काट्यावर टाका” म्हणायचं. अडीच किलो भरली तर ती जेमतेम १२५ ची आहे. कडेच्या रिंगा पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या, तीन फुटांवर एक, आणि कडेत दोरी शिवलेली असावी. पत्र्याच्या छपरावर टाकताना पत्र्याची धार ताडपत्री कापते, तिथे आधी जुनं पोतं. गारा पडत असताना छपरावर चढू नये हे सांगायला नको, तरी सांगितलेलं बरं.

पांघरुणाचा एक संच जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून पलंगावर, फरशीपासून उंच. पहिल्या टप्प्याच्या पावसातून तो कोरडा निघाला की अर्धी लढाई तिथेच संपते.

पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरांत २०,००० एमएएच लिहिलेलं असतं. ते आतल्या सेलचं माप, ३.७ व्होल्टवर, म्हणजे ७४ वॅट-तास. खाली बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ असते, साधारण बारा हजारांच्या आसपास, तोच खरा आकडा. पाच हजारांचा मोबाइल त्यात साधारण दोन-अडीच वेळा भरतो. ज्यावर रेटेड कपॅसिटी छापलेलीच नाही ती घेऊ नये. उजेडासाठी रिचार्ज होणारा ‘इन्व्हर्टर बल्ब’ स्वस्त आणि चांगला, पण त्याचं बटण चालू ठेवावं लागतं तरच तो वीज गेल्यावर पेटतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्या लाइनवर लावून उपयोग नाही, त्याला वीज गेल्याचं कळतच नाही. मेणबत्ती रजयांच्या खोलीत नको.

पाणी: पेंचचं पाणी गोरेवाड्यात शुद्ध होऊन शहरात येतं, पण टाकीपासून तुमच्या नळापर्यंत सोसायटीचा पंप, आणि त्याला वीज. माणशी दिवसाला तीन लिटर धरून चौघांना तीन दिवसांचे ३६ लिटर. वीस लिटरचे दोन कॅन झाकून ठेवले की झालं.

खाणं इतवारीच्या बाजारातून. चौघांसाठी तीन दिवसांना एक किलो शेंगदाणे, एक किलो गूळ, एक किलो फुटाणे, एक किलो जाड पोहे, एक किलो सातूचं पीठ, अर्धा किलो दूध पावडर. मिळून साधारण २३,००० कॅलरी होतात, चौघांच्या तीन दिवसांच्या गरजेच्या जवळ. गॅस संपला तरी यातलं सगळं पाण्यात कालवून किंवा तसंच खाता येतं. पोहे आणि सातू घट्ट झाकणाच्या डब्यात.

औषधांमध्ये बीपी, शुगर, दम्याच्या पंपाचा दहा दिवसांचा साठा. वापरात असलेलं इन्सुलिन नागपूरच्या थंडीत फ्रिजबाहेर चालतं, पण शेकायच्या पिशवीजवळ नको. थर्मामीटरची एक गंमत आहे: काचेचा जुना थर्मामीटर ९४ फॅरनहाइटच्या खाली दाखवतच नाही, आणि न झटकता लावला तर गेल्या तापाचाच आकडा दाखवतो. शरीर ९५ फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंशांखाली गेलं की धोका सुरू. डिजिटल थर्मामीटर ३२ अंशांपर्यंत उतरतो, त्याखाली नुसतं ‘लो’ दाखवतो. आजी-आजोबांचं कुडकुडणं अचानक थांबलं, बोलणं जड झालं, झोप अनावर झाली, तर ते बरं वाटल्याचं लक्षण नाही. ओले कपडे काढायचे, छाती-पोट आधी गरम करायचं, हातपाय चोळायचे नाहीत, दारू द्यायची नाही, १०८ ला फोन. शुद्धीत असतील तर गोड गरम दूध घोटघोट.

एका कार्डावर नंबर, शाईच्या पेनाने नव्हे तर पेन्सिलने, म्हणजे ओलं झालं तरी फुटत नाही: ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, महावितरण १९१२, एलपीजी गळती १९०६.

पेटी ठेवायची कुठे

तयार किट तीन वर्षं टिकतो असं खोक्यावर लिहिलेलं असतं. ते नागपूरचा मे महिना न पाहिलेल्या माणसाने लिहिलेलं आहे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले, आणि स्लॅबखालचा माळा त्याहून गरम असतो. तिथे रबरी पिशवी चिकट होऊन मानेशी तडकते, सेल फुटून टॉर्चचा स्प्रिंग हिरवा पडतो, पॉवर बँक फुगते, गोळ्या रंग बदलतात, खाद्यबारचं तेल खवट होतं. थंडीची पेटी उन्हाळ्यातच मरते आणि डिसेंबरात उघडल्यावर कळतं.

म्हणून टिनाची पेटी, घरातल्या सगळ्यांत थंड खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. टॉर्चमधले सेल काढून वेगळ्या पाकिटात. रबरी पिशवी रिकामी, पूर्ण वाळवलेली, आत चिमूटभर टाल्कम पावडर, बूच उघडं, उलटी टांगून. पॉवर बँक निम्मी चार्ज करून. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी दोन्ही वाईट. अलार्म पेटीत नाही, भिंतीवर, बारा महिने. खाणं होळीच्या आत खाऊन संपवायचं आणि कोजागिरीला नव्याने भरायचं.

थर्माकोलच्या तुकड्यांवर मार्करने ‘हॉल, पूर्व’, ‘बेडरूम, उत्तर’ आणि वरच्या बाजूचा बाण काढून ठेवा. मार्चमध्ये कूलरला नव्या ताट्या चढवताना हे तुकडे पलंगाखाली सपाट ठेवायचे, उभे ठेवले की वाकतात आणि पुढच्या डिसेंबरात चौकटीत बसत नाहीत.